संगणकाचेही बेणे निवडूनच घ्यावे



या पानावर आपण नेहमी मशागत, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय पाहत असतो. या वेळचा धडा थोडा निराळा आहे. मागील काही दिवसांत गट कार्यालयात लागणीची नोंद द्यायला गेलेल्या काही सभासदांना टेबलावरची संगणकाची जागा रिकामी दिसली असेल. "संगणक कुठं नेला?", "आमच्या नोंदी पुसल्या जाणार का?", "काट्यात काही फेरफार होणार का?" असे प्रश्न आमच्याकडे आले. प्रश्न रास्त आहेत. आपली लागण तारीख, तोडणीची पाळी, उसाचे वजन आणि बिल हे सर्व आज त्याच यंत्रातून जाते. तेव्हा त्या यंत्रात काय चालले आहे हे मालकाला, म्हणजे सभासदाला, कळलेच पाहिजे.

गट कार्यालयातील बहुतेक संगणक विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राला जागे करून बाकीचे सगळे कार्यक्रम चालवणारा मूळ कार्यक्रम. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणे दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. म्हणून सर्व संगणक नव्याने लोड करावे लागत आहेत. जे यंत्र विंडोज ११ च्या अटीत बसत नाही ते बदलावे लागत आहे.

हा विषय संगणक विभागाचा, मग ऊस विकास अधिकाऱ्याने तो का लिहावा, असे कोणी म्हणेल. गट कार्यालयाच्या संगणकावर काय काय पाहिजे याची यादी शेतकी विभागाने द्यावयाची होती, आणि ते काम माझ्याकडे आले. काम करता करता ध्यानात आले की हा विषय आपल्याला परका नाही. हा बेणे मळ्याचाच विषय आहे.

हाताने लोड केलेला एक संगणक

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. दोन हंगामांपूर्वी एका गट कार्यालयातील संगणक बिघडला. नोंदीचे दिवस होते, घाई होती. बाहेरून माणूस बोलावला, त्याने विंडोज टाकले, प्रिंटर जोडला, नोंदीचा तक्ता उघडून दाखवला आणि गेला. सगळे चालू झाले. एकच गोष्ट राहिली. तारीख लिहिण्याची पद्धत अमेरिकन राहून गेली.

आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. आमच्या लिपिकाने ८ जुलैची लागण म्हणून ८/७ टाकले. यंत्राने ते ७ ऑगस्ट समजून घेतले. आता बघा, १३ ते ३१ या तारखा यंत्राने नाकारल्या, कारण तेरावा महिना नसतोच. त्या लिपिकाने उलटसुलट करून कशाबशा बसवल्या. पण १ ते १२ पर्यंतच्या तारखा यंत्राने मुकाट गिळल्या. ओरडणारी चूक परवडते. मुकी चूक पिकात शिरते.

तोडणीचा कार्यक्रम लागण तारखेवर लागतो. हंगाम सुरू झाल्यावर एक जुने सभासद, वयाने वडीलधारे, कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, माझी आडसाली लागण शेजाऱ्याच्या आधीची. त्या दिवशी तुम्हीच बांधावर उभं होता की! मग त्याला तोड आली अन् मला का नाही?" मी म्हणालो, "आबा, बसा, रजिस्टर काढतो." कागदी रजिस्टरात ८ जुलै स्वच्छ लिहिलेले होते. संगणकात ७ ऑगस्ट. आबांची पाळी एक महिना मागे गेली होती. आम्ही नोंद दुरुस्त केली, पण तोवर टोळ्या दुसऱ्या शिवारात गेल्या होत्या. तोड आली तेव्हा उसाला तुरे येऊन गेले होते, कांड्या पोकळ पडू लागल्या होत्या. वजनात जी घट आली ती आबांनी सोसली. ती भरून द्यायला आमच्याकडे कोणतीही तरतूद नव्हती.

यात कोणी लबाडी केली नव्हती. लिपिकाने बरोबर टाकले होते, लोड करणाऱ्यानेही काम केले होते. हाताने करावयाच्या पंधरा-वीस गोष्टींतील एक राहिली, एवढेच. समजा ४० संगणक आहेत आणि प्रत्येकाला ४ तास लागतात. ते १६० तास, म्हणजे रोज ८ तासांप्रमाणे पूर्ण २० दिवसांचे काम झाले. विसाव्या दिवशी, चाळिसाव्या यंत्रावर, माणूस काहीच विसरणार नाही अशी खात्री कोण देईल? म्हणून या वेळी पद्धत बदलली आहे.

मूळ प्रत म्हणजे काय?

एक संगणक नीट तयार करायचा. त्याच्या डिस्कवर जे काही आहे ते जसेच्या तसे एका फाइलमध्ये बांधून घ्यायचे. या फाइलला इमेज म्हणतात. आपण तिला मूळ प्रत म्हणू. मग तीच मूळ प्रत बाकीच्या सर्व यंत्रांवर उतरवायची. ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडमध्ये १९९५ च्या सुमारास याच कामासाठी घोस्ट नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि १९९८ मध्ये तो सिमँटेक कंपनीने घेतला. संगणक दुरुस्तीवाले आजही "घोस्ट मारला" असे म्हणतात ते त्यावरूनच.

मूळ प्रत दोन तऱ्हांनी करता येते. पहिली तऱ्हा म्हणजे सगळे काही आत कोंबलेली जाड प्रत: ऑपरेटिंग सिस्टिम, प्रिंटर, मराठी फाँट, ऊस नोंदीचा कार्यक्रम, सगळे एकात. दुसरी तऱ्हा म्हणजे सडपातळ प्रत. तिच्यात फक्त स्वच्छ ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि बाकीची प्रत्येक गोष्ट सुट्या मॉड्यूलमध्ये. मॉड्यूल म्हणजे एका कामाचे बांधून ठेवलेले पुडके.

खताचे उदाहरण घ्या. मिश्रखताचे पोते टाकायला सोपे, पण नत्र तेवढे कमी करायचे म्हटले तर करता येत नाही. युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश अशी सरळ खते वेगळी असली म्हणजे जमिनीच्या तपासणीप्रमाणे हात आखडता घेता येतो. तसेच हे आहे. जाड प्रतीत प्रिंटर बदलला की पूर्ण प्रत नव्याने बांधा. मॉड्यूल पद्धतीत प्रिंटरचे पुडके तेवढे बदला, बाकीच्याला हात लावायचे कारण नाही. म्हणून आपण दुसरी तऱ्हा घेतली.

गट कार्यालयासाठी आमच्या यादीत पुढील मॉड्यूल आहेत :

१) यंत्राचे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, नेटवर्क वगैरे भागांची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला समजावणारा दुभाषा. वेगवेगळ्या कंपनीच्या यंत्रांना वेगवेगळे लागतात, म्हणून प्रत्येक बनावटीचे वेगळे पुडके.

२) मराठी. युनिकोड फाँट आणि इनस्क्रिप्ट कळफलक. हे नसले तर सभासदाच्या नावाच्या जागी चौकोन उमटतात.

३) स्थानिक मांडणी. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, घड्याळ भारतीय वेळेवर, आकड्यांत लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम. आबांचे नुकसान झाले ते याच मॉड्यूलच्या अभावी. ते आता सगळ्यात आधी बसते.

४) ऊस नोंद व तोडणी कार्यक्रमाचे सॉफ्टवेअर.

५) वजनकाट्यावरील यंत्रांसाठी काटा जोडणीचे मॉड्यूल. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

६) सुरक्षा. विषाणूरोधक कार्यक्रम व दुरुस्त्या घेण्याची वेळ. दुरुस्ती घेऊन यंत्र भर दुपारी, गाड्या उभ्या असताना, पुन्हा सुरू होता कामा नये.

चांगले मॉड्यूल कसे ओळखावे?

बेण्याचे टिपरे आपण डोळा, वय, रोग पाहून घेतो. मॉड्यूललाही अशाच कसोट्या आहेत.

पहिली कसोटी, त्याने प्रश्न विचारता कामा नये. नेहमीचे सॉफ्टवेअर बसवताना "पुढे जाऊ का?", "कुठे ठेवू?" असे विचारत राहते. रात्री चाळीस यंत्रे लोड होत असताना उत्तर द्यायला कोण बसणार? म्हणून सर्व उत्तरे आधीच लिहून मॉड्यूलसोबत बांधावयाची. याला मूक बसवणी म्हणता येईल.

दुसरी, काम झाले की नाही हे त्याने आकड्यात सांगितले पाहिजे. विंडोजच्या नेहमीच्या बसवणी पद्धतीत काम संपल्यावर एक आकडा परत येतो. ० आला तर काम बिनचूक झाले. ३०१० आला तर काम झाले, पण यंत्र एकदा बंद-चालू करावे लागेल. १६०३ आला तर बसवणी फसली. हे आकडे नोंदवहीत पडले पाहिजेत. नोंद ठेवली नाही तर फसलेले यंत्र चांगल्या यंत्रांत मिसळून जाते, आणि ते सापडते थेट हंगामात.

तिसरी, क्रम. पाणी द्यायच्या आधी सरी पाडावी लागते. तसे काही मॉड्यूल दुसऱ्यावर अवलंबून असतात. ऊस नोंदीच्या कार्यक्रमाला मराठी फाँट आणि तारखेची मांडणी आधी लागते. कोणाच्या मागे कोण हे प्रत्येक पुडक्यावर लिहिलेले असावे.

चौथी, तेच मॉड्यूल चुकून दोनदा चालवले तरी बिघाड होता कामा नये. दुसऱ्यांदा चालवल्यावर त्याने "मी आधीच आहे" एवढे पाहावे व गप्प बाजूला व्हावे. वीज मध्येच गेली तर काम पुन्हा सुरू करावे लागते, तेव्हा या गुणाची किंमत कळते.

पाचवी, जसे बसले तसे काढता आले पाहिजे.

सहावी, त्यावर आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि बोटाचा ठसा असावा. संगणकातील फाइलचाही ठसा घेता येतो. शा-२५६ नावाच्या गणिताने कोणत्याही फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा निघतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पार बदलतो. तपासून पास केलेल्या मॉड्यूलचा ठसा रजिस्टरला लिहून ठेवला आणि लोड करताना तो पुन्हा काढून पाहिला, की मधल्या मध्ये कोणी काही घुसवले नाही अगर कॉपी करताना काही खराब झाले नाही, याची खात्री पटते.

सातवी आणि महत्त्वाची : मॉड्यूलच्या आत पासवर्ड नको आणि सभासदांची माहितीही नको. पुडके चाळीस ठिकाणी जाणार. आपले नाव, गट नंबर, बँक खाते त्यात बांधलेले असेल तर तेही चाळीस ठिकाणी जाईल. सभासदांची माहिती मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर राहते, यंत्र तयार झाल्यावर अधिकृत माणूस आपल्या पासवर्डने तिथे जातो.

ओळख पुसून घ्यावी लागते

एका यंत्राची हुबेहूब प्रत चाळीस ठिकाणी उतरवली तर त्या यंत्राचे नाव व आतली ओळखसुद्धा चाळीस ठिकाणी जाते. एकाच सभासद क्रमांकाची चाळीस पासबुके केल्यासारखे हे झाले. म्हणून मूळ प्रत बांधण्यापूर्वी विंडोजमधील सिसप्रेप नावाच्या साधनाने ती ओळख पुसून टाकतात. मग प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना आपली नवी ओळख तयार करते.

पूर्वी काही जण ही पायरी टाळत आणि वेळ निभावून नेत. आता तसे चालत नाही. २०२५ मध्ये आलेल्या विंडोजच्या दुरुस्त्यांनंतर अशा जुळ्या ओळखीच्या यंत्रांना एकमेकांशी नेटवर्कवर बोलताना अडचणी येऊ लागल्या आहेत. एका पायरीचा आळस पुढे सगळ्यांना भोवतो.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

पहिली पायरी माहिती सुरक्षित ठेवण्याची, कारण मूळ प्रत उतरताना डिस्कवरचे जुने सगळे पुसले जाते. गट कार्यालयाच्या यंत्रात असलेली प्रत्येक नोंद आधी सर्व्हरवर घेतली जाते, वेगळ्या डिस्कवर तिची दुसरी प्रत काढली जाते, आणि ती प्रत उघडून काही नोंदी कागदी रजिस्टराशी ताडून पाहिल्या जातात. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे न पाहिलेल्या बेण्याची इसार देणे होय.

नंतर यंत्र मुख्य कार्यालयात नेटवर्कला जोडतात आणि आपल्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू व्हायला सांगतात. या सोयीला पीएक्सई म्हणतात. यंत्र नेटवर्कवर हाळी देते, "मला पत्ता कोण देतो? सुरू व्हायला कार्यक्रम कोण देतो?" सर्व्हर पत्ता देतो, पाठोपाठ एक छोटा कार्यक्रम देतो. तो कार्यक्रम यंत्राची बनावट ओळखतो, डिस्क साफ करतो, मूळ प्रत उतरवतो आणि त्या बनावटीचे ड्रायव्हर घालतो. मग विंडोजला जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरे एका उत्तरपत्रिकेतून मिळतात : भाषा कोणती, वेळ कुठली, यंत्राचे नाव काय. त्यापुढे एकामागून एक मॉड्यूल ठरल्या क्रमाने बसतात. शेवटी प्रत्येक यंत्राचा निकाल नोंदवहीत पडतो. लांबच्या गट कार्यालयात नेटवर्क बारीक आहे, एवढी मोठी फाइल तिथे ओढत बसणे शक्य नाही. म्हणून तिथले संगणक इकडे आणले जात आहेत. टेबलावरची जागा रिकामी दिसते ती याकरिता.

रोगही त्याच वाटेने जातो

आता या पद्धतीची दुसरी बाजू. एका चांगल्या बेण्याने शंभर एकर सुधारते, तसे काणीने किंवा गवताळ वाढीने ग्रासलेल्या एका बेण्याने शंभर एकर बिघडते. हाताने केलेली चूक एका यंत्रापुरती राहते. मूळ प्रतीतील अगर मॉड्यूलमधील चूक एका रात्रीत सगळीकडे पोचते.

याचे जगाने पाहिलेले उदाहरण दि. १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक छोटी नवी फाइल पाठवण्यात आली. ती ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ प्रत नव्हती, पण एका ठिकाणाहून असंख्य यंत्रांवर आपोआप जाणारे पुडकेच होते. त्या सॉफ्टवेअरच्या आराखड्यात माहितीचे २१ रकाने धरले होते, प्रत्यक्षात त्याला २० च पुरवले जात होते. नव्या फाइलने एकविसावा रकाना वाचायला लावला आणि यंत्रे कोसळली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल निघाली, १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. अवघ्या ७८ मिनिटांत सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि गंमत अशी की फाइल आपोआप गेली, पण पुष्कळशी दुरुस्ती मात्र माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन करावी लागली.

चूक एका रकान्याची होती. नुकसान मोठे झाले ते ती फाइल टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे गेली म्हणून. पुढे त्या कंपनीनेही टप्प्याची पद्धत स्वीकारली.

आपल्याला ही पद्धत कोणी शिकवायला नको. आपले त्रिस्तरीय बेणे हेच सांगते. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसवर अडीच तास उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया द्यायची, त्यापासून पायाभूत बेणे, त्यापासून प्रमाणित बेणे, आणि मग सभासदाच्या शेतात. प्रत्येक टप्प्यावर मळा फिरून रोगट बेट उपटून टाकायचे. संगणकाच्या बाबतीतही आम्ही तीन टप्पे ठेवले आहेत.

पहिला टप्पा चाचणीच्या एका यंत्राचा. त्यावर १२ जुलै आणि १३ जुलै अशा दोन्ही तारखा टाकून पाहतो. कऱ्हाड, ज्ञानेश्वर, क्षीरसागर असे जोडाक्षरांचे शब्द टाकून छापून बघतो. पावतीच्या तिन्ही प्रती उमटतात का पाहतो. काम चालू असताना मुद्दाम वीज तोडतो. दुसरा टप्पा एकाच गट कार्यालयाचा. तिथे आठ दिवस कागदी रजिस्टर आणि संगणक दोन्ही चालवून रोज संध्याकाळी ताळा घेतला जातो. ताळा जुळला तरच तिसरा टप्पा, म्हणजे बाकीची सर्व कार्यालये. काटे सगळ्यांत शेवटी, आणि एका वेळी एकच काटा. जुनी मूळ प्रत हंगाम संपेपर्यंत मोडायची नाही. नवीन फसली तर माघारी यायला वाट पाहिजे.

हे सर्व गाळप सुरू होण्यापूर्वी उरकले पाहिजे. उभ्या हंगामात काट्याचे यंत्र बंद पडले तर गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण सांगतो. रांगेत उभा राहिला की तो वाळतो, वजन घटते, साखर उतरते. त्यात सभासदाचे वजन जाते आणि कारखान्याचा उतारा जातो.

काट्याविषयी स्पष्ट खुलासा

काटा हा विषय नाजूक आहे, म्हणून सरळ लिहितो. काट्याखालचे भारमापक आणि वजन दाखवणारी पेटी यांत उसाचे वजन ठरते. त्यांची पडताळणी करून सील लावण्याचे काम शासनाच्या वैध मापन यंत्रणेचे आहे. संगणक फक्त त्या पेटीकडून तारेने आलेला आकडा वाचतो आणि पावतीवर छापतो. संगणक नव्याने लोड करताना पेटीला किंवा सीलला हात लावला जात नाही.

पण चूक होण्याची एक जागा इथेही आहे, ती लपवण्याचे कारण नाही. पेटीची तार जुन्या पद्धतीच्या सीरियल जोडणीची असते. नव्या संगणकात ती जागा नसते, म्हणून मध्ये यूएसबीची जोडपट्टी लागते. त्या पट्टीचा ड्रायव्हर, जोडणीचा क्रमांक आणि आकडे येण्याचा वेग हे तिन्ही बरोबर बसले नाहीत, तर संगणकाला आकडा मिळत नाही किंवा भलताच मिळतो. याच तीन गोष्टी काटा मॉड्यूलमध्ये लिहून बांधल्या आहेत. शिवाय नियम असा ठेवला आहे की आकडा आला नाही तर कार्यक्रमाने थांबावे. मागचा आकडा पुन्हा छापू नये आणि हाताने आकडा टाकू देऊ नये.

सभासदांनी काय करावे?

१) नोंदीची पावती हातात आल्यावर तिथेच वाचा. लागण तारीख, गट नंबर, क्षेत्र, जात, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा यांपैकी प्रकार, हे सर्व पाहा. यापुढे पावतीवर महिना आकड्यात न येता अक्षरात येईल, उदा. ८ जुलै. अक्षरात आला नसेल तर पावती घेऊ नका, आम्हाला कळवा.

२) मागील पावत्या फेकू नका. संगणक आणि सभासद यांच्यात फरक पडला तर कागद साक्षीला येतो. आबांच्या वेळी कागदानेच खरे काय ते सांगितले.

३) बँक खाते क्रमांक व आयएफएस कोड एकदा ताडून घ्या. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयाचे असतात. एक अंक चुकला तर ते दिवस बँकेच्या फेऱ्यांत जातात.

४) काट्यावर गाडी उभी असताना बाहेरच्या पाटीवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळवून पाहा. भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही. फरक दिसला तर गाडी हलवण्याआधीच सांगा.

५) गट कार्यालयातील संगणकाला आपला पेनड्राइव्ह लावायचा आग्रह लिपिकाला करू नका. सातबाऱ्याची छापील प्रत काढून देण्याइतकी साधी गोष्ट वाटते, पण स्वच्छ रानात हरळीचा एक तुकडा पुरतो.

६) आपले गट कार्यालय चाचणीच्या टप्प्यात असेल तर नोंदीला थोडा जादा वेळ लागेल. दोन ठिकाणी लिहिण्याचे काम आहे, तेवढा वेळ द्या.

आपण बेणे बदलताना म्हणतो, बेणे कोणाच्या मळ्यातले, कितव्या पिढीचे, प्रक्रिया झाली का. हेच तीन प्रश्न संगणकाविषयी कारखान्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे : मूळ प्रत कोणी तयार केली, मॉड्यूल कोणत्या आवृत्तीचे, चाचणी कुठे झाली. त्याचे रजिस्टर शेतकी कार्यालयात ठेवले आहे. कोणाही सभासदाने यावे आणि पाहावे.

आबांना हे सगळे मागच्या आठवड्यात त्यांच्या बांधावर बसून सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे आता चुकणार न्हाई?" मी म्हणालो, "आबा, चुकेल. पण चुकलं तर पहिल्या यंत्रावर सापडंल, तुमच्या उसात नाही." त्यांनी या वर्षीच्या नोंदीची पावती खिशातून काढली, तारीख वाचून दाखवली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. तसेच आपण सर्वांनी करावे ही विनंती.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी